पायथियात झेडच्या जेटमधून सरासरी १८.९ कण येतायत, २१ यायला हवेत. आकडे फिरवून २१ आणणं म्हणजे चीटिंग ना?

नाशिकचा_एमएस्सी

नमस्कार मंडळी. एमएस्सी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट घेतलाय जेटमधून (टक्करीतून एका दिशेने सुटणाऱ्या कणांचा झोत) हॅड्रॉन (क्वार्कांचे बनलेले कण, प्रोटॉन किंवा पायॉनसारखे) कसे तयार होतात त्याच्या सिम्युलेशनवर. कॉलेजात हे करणारं दुसरं कोणी नाही म्हणून इथे विचारतोय, पोस्ट मोठी आहे, सांभाळून घ्या.

आधी काय केलंय ते सांगतो. लॅपटॉपवर पायथिया ८ (कणांच्या टकरींचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) टाकलं, इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची टक्कर लावली, एकूण ऊर्जा ९१.२ जीईव्ही (ऊर्जेचं एकक), म्हणजे सर्नच्या लेप या टक्करीच्या यंत्रात १९८९ ते १९९५ व्हायची तीच. मधे झेड बोसॉन तयार होतो आणि तो क्वार्क-अँटीक्वार्कमध्ये फुटतो, दोघं पाठीला पाठ लावून सुटतात आणि दोन जेट दिसतात. प्रोटॉन मुद्दाम घेतले नाहीत, कारण तिथे प्रोटॉनच्या आतले बाकीचे क्वार्क-ग्लुऑनही गर्दी करतात आणि मला नुसता जेट बघायचा होता. १ लाख इव्हेंट चालवले, प्रत्येकात शेवटी उरलेले चार्ज्ड कण मोजले, सरासरी आली १८.९. लेपच्या प्रयोगांनी मोजलेला आकडा २१ च्या अगदी जवळ आहे. एकेका इव्हेंटमध्ये आकडा सहा-एकने वरखाली होतो हे खरं, पण १ लाखाच्या सरासरीत तो फरक ०.०२ इतकाच उरतो, त्यामुळे नशिबाने कमी आला असं म्हणता येत नाही.

मग मॅन्युअल वाचलं. हॅड्रॉन बनवायची जी पायरी आहे तिथे लुंड फंक्शन म्हणून एक सूत्र आहे, त्यात ए आणि बी असे दोन आकडे, डिफॉल्ट ए ०.६८ आणि बी ०.९८. मी ए वाढवला, बी कमी केला, संध्याकाळभर बसलो आणि २१ आणून दाखवलं. आणि तेव्हाच सगळा उत्साह गेला. कारण हे जर असं हवं तसं फिरवता येत असेल तर मी नक्की काय शिकलो? आमचे एक सर पण हेच म्हणाले, की शॉवरपर्यंत (क्वार्क एकामागोमाग ग्लुऑन सोडतात ती पायरी) क्यूसीडी, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनचा मूळ सिद्धांत, आहे, त्याच्या पुढे नुसतं कर्व्ह फिटिंग, त्यात फिजिक्स शोधू नकोस. मला ते पटत नाहीये पण उत्तर पण देता येत नाहीये.

तर एक म्हणजे १८.९ का येतंय, आणि दुसरं म्हणजे ही जी स्ट्रिंग आहे, क्वार्कांच्या मधे ताणली जाणारी, ती खरंच काहीतरी आहे का नुसती सांगायला सोपी म्हणून घेतलेली गोष्ट आहे? हॅड्रॉनची पायरी पूर्ण बंद करून पण बघितलं, तेव्हा हातात फक्त मूठभर क्वार्क आणि ग्लुऑन उरतात, आणि ते तर डिटेक्टरमध्ये कधीच कोणाला दिसलेले नाहीत. म्हणजे जे दिसतं ते सगळं त्या शेवटच्या पायरीतूनच येतं आणि तीच पायरी कोणाला सिद्ध करता येत नाही, असं आहे का?

कोथरूडचा_कोडर

मी पीएचडीला सर्नच्या सीएमएस प्रयोगावर होतो, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे गंज चढलाय पण सांगतो. पहिला संशय मला झेडच्या क्षयावर. झेड १०० वेळा फुटला तर साधारण ७० वेळा क्वार्कांमध्ये, २० वेळा न्यूट्रिनोंमध्ये आणि १० वेळा इलेक्ट्रॉन, म्युऑन किंवा टाऊमध्ये जातो. तू जर सगळे मार्ग चालू ठेवले असशील तर न्यूट्रिनोवाल्या इव्हेंटमध्ये शून्य कण मोजले जाणार आणि सरासरी धाडकन खाली येणार. फक्त क्वार्कांचे पाच मार्ग चालू ठेव, टॉप अर्थातच नको, तो झेडपेक्षा जड आहे.

दुसरा संशय, टक्कर व्हायच्या आधीच इलेक्ट्रॉनमधून फोटॉन निसटतो, मग झेडसाठी पूर्ण ऊर्जा उरत नाही. ते पण बंद करून बघ.

आणि ए, बी ला हात लावू नकोस लगेच. आधी बाकीचं सगळं तपास, मग शेवटी ते.

नाशिकचा_एमएस्सी

धन्यवाद दादा, पण हे दोन्ही आधीच केलंय. झेडचे सगळे मार्ग बंद करून फक्त डी, यू, एस, सी, बी या क्वार्कांचे चालू केलेत, आणि इलेक्ट्रॉनचं आधीचं फोटॉन सोडणं पण बंद आहे. तसं पण सगळे मार्ग चालू असते तर आकडा १५ च्या आसपास आला असता ना, २१ च्या ७० टक्के. माझा १८.९ आहे, म्हणजे कमी आहे पण इतका कमी नाही. कुठेतरी प्रत्येक इव्हेंटमागे दोन कण हरवतायत असं वाटतंय.

सातारा_ते_स्वीडन

प्रत्येक इव्हेंटमागे दोन कण हरवतायत हा विचार फार चांगला केलास, तो धरून ठेव, मला वाटतं उत्तर तिथेच आहे. तुझी सेटिंगची फाईल जशीच्या तशी इथे टाक, मग बघू. तोवर तुझ्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते, कारण मी पोस्टडॉक स्वीडनमधल्या लुंडलाच केला, जिथे हे स्ट्रिंगचं मॉडेल बनलं, आणि हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे.

स्ट्रिंगला मी दोरीच म्हणते, सुरुवात तिच्यापासून करू. दोन विद्युतभार लांब नेले की त्यांच्यामधलं क्षेत्र सगळीकडे पसरत जातं आणि ओढ कमी होते. क्वार्कांमधलं रंगाचं क्षेत्र पसरत नाही, कारण ग्लुऑन स्वतःच रंगभार घेऊन फिरतात आणि एकमेकांना ओढतात, त्यामुळे ते क्षेत्र एका बारीक नळीत गोळा होतं. नळी सगळीकडे सारख्या जाडीची, म्हणजे दर फेम्टोमीटरला (साधारण प्रोटॉनच्या त्रिज्येइतकं अंतर) सारखीच ऊर्जा, साधारण १ जीईव्ही. म्हणजे ओढ अंतराबरोबर कमी होत नाही, तेवढीच राहते. ही ओढ रोजच्या मापात काढलीस तर जवळजवळ १६ टन वजनाइतकी येते, आणि ती एका प्रोटॉनपेक्षा लहान जागेत! हे कोणी मनाने ठरवलेलं नाही, लॅटिसवर, म्हणजे जागा आणि काळाची जाळी करून कॉम्प्युटरवर, क्यूसीडी सोडवली की जड क्वार्क आणि अँटीक्वार्कमधली ऊर्जा अंतराबरोबर सरळ रेषेत चढताना दिसते. त्याच्या आधीपासून मेसॉनच्या (क्वार्क-अँटीक्वार्कच्या कणांच्या) वस्तुमानाचा वर्ग आणि स्पिन यांच्या आलेखातल्या सरळ रेषा पण तेच सांगत होत्या. तेव्हा दोरी आहे का, याचं माझं उत्तर हो असं आहे. ती तुटते कशी, तिथे मॉडेल सुरू होतं.

आता तुझा झेड घे. दोन क्वार्क ९१ जीईव्ही घेऊन सुटले. दोरी तुटलीच नसती तर ते ९१ फेम्टोमीटर लांब जाऊन थांबले असते आणि परत ओढले गेले असते. पण त्याच्या कितीतरी आधी दोरीच्या मधेच नवा क्वार्क-अँटीक्वार्क जन्माला येतो, दोरीतली ऊर्जा खाऊन, आणि एकीच्या दोन दोऱ्या होतात. मग त्या तुटतात, मग त्यांचे तुकडे, शेवटी उरलेला प्रत्येक छोटा तुकडा म्हणजे एक हॅड्रॉन. जोडीला वस्तुमान असेल तर ती एका जागी जन्मू शकत नाही, थोडं अंतर बोगद्यातून पार करावं लागतं, आणि त्याची शक्यता वस्तुमानाच्या वर्गाबरोबर घातांकी घटते. म्हणून यू आणि डी सारखेच बनतात, स्ट्रेंज त्यांच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शाने, आणि चार्म जवळजवळ बनतच नाही, अंदाज आहे १० च्या उणे अकराव्या घाताचा. तुला जेटमध्ये चार्म दिसला तर तो झेडमधून किंवा शॉवरमधल्या ग्लुऑनमधून आलाय, दोरीतून आलेला नाही, हे डोळे झाकून सांगता येतं.

एक गोष्ट मला शिकताना फार आवडली होती ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याला वाटतं क्वार्काच्या जवळचे, जोरात जाणारे हॅड्रॉन आधी बनत असतील. उलट आहे. प्रत्येक तुटण्याला स्वतःच्या घड्याळाने सरासरी सारखाच वेळ लागतो, एक ते दीड फेम्टोमीटर प्रकाशाला पार करायला लागेल तेवढा, पण जोरात जाणाऱ्याचं घड्याळ आपल्याला हळू चालताना दिसतं. म्हणून मधले संथ हॅड्रॉन आधी तयार होतात आणि जेटच्या टोकाचा वेगवान हॅड्रॉन सगळ्यात शेवटी, टक्करीच्या जागेपासून खूप लांब.

आता ए आणि बी. तुला वाटतंय की लुंड फंक्शन म्हणजे कोणीतरी बरा दिसणारा आकार निवडला आणि डेटावर बसवला. तसं नाही रे. बू अँडरसन, यस्टा गुस्टाफसन, टॉर्ब्यॉर्न शोस्ट्रांड आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी प्रश्न असा विचारला, की दोरीचे हॅड्रॉन मी क्वार्काच्या टोकाकडून एकेक करून सोलत आलो किंवा अँटीक्वार्काच्या टोकाकडून सोलत आलो तर उत्तर एकच यायला पाहिजे, कारण निसर्गाला डावं-उजवं टोक माहीत नाही. तुटण्याच्या घटना एकमेकांपासून इतक्या लांब असतात की कुठली आधी झाली हे बघणाऱ्यावर अवलंबून आहे, म्हणून कोणत्याही टोकाकडून मोजायची मुभा पण मिळते. एवढी एक अट घातली की फंक्शनचा आकार जवळजवळ पक्का होतो, उरतात फक्त ए आणि बी. बाकी काही बदलायला जागाच राहत नाही.

म्हणून तू २१ आणलंस तेव्हा तू काय मोडलंस ते बघ. ए वाढवून बी कमी केलास म्हणजे प्रत्येक हॅड्रॉनला मिळणारा ऊर्जेचा वाटा छोटा केलास. कणांची संख्या वाढली, बरोबर आहे, पण आता जास्त ऊर्जेचे कण कमी पडले असणार. प्रत्येक चार्ज्ड कणाचा संवेग भागिले बीमची ऊर्जा असा आलेख काढ आणि लेपच्या बिंदूंवर ठेव. उजव्या टोकाला तुझी रेष खाली पडलेली दिसेल. डिफॉल्ट ए, बी ने तो आलेख बसतो, मोजणी नीट केली तर संख्या पण बसते. तेच दोन आकडे १४ जीईव्हीच्या टकरीला आणि २०० जीईव्हीच्या टकरीला न बदलता वापरतात. चीटिंगमध्ये असं होत नाही, तिथे प्रत्येक नवीन डेटाला नवीन आकडा लागतो.

नाशिकचा_एमएस्सी

ताई, हे दोनदा वाचलं. दोन्ही टोकांकडून सोलायची अट मॅन्युअलमध्ये एका ओळीत होती आणि मी ती ओलांडून गेलो होतो.

आलेख काढला. खरंच, माझ्या ए, बी ने संवेगाचं गुणोत्तर ०.५ च्या पुढे कण फारच कमी पडतायत, डिफॉल्टने रेष बिंदूंवरून जाते. म्हणजे २१ आणलं पण दुसरीकडे घर पाडलं.

सेटिंग टाकतो, शब्दांत लिहितोय. बीम ११ आणि उणे ११ (इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन), ऊर्जा ९१.१८८. लेप्टॉनचं पीडीएफ बंद, म्हणजे टक्करीआधीचं फोटॉन सोडणं बंद. एक फोटॉन किंवा झेड बनण्याची प्रक्रिया चालू. झेडचे मार्ग बंद, १ ते ५ चालू. लिमिट-टाऊ-झिरो चालू, टाऊ-झिरो-मॅक्स १०. ट्यून (ए, बी सारख्या आकड्यांचा तयार संच) डिफॉल्ट, म्हणजे मोनॅश २०१३. मोजताना कण शेवटचा आहे का आणि चार्ज्ड आहे का एवढंच बघतो. फाईल एका सिनियरकडून घेतली होती, तो सर्नच्या एलएचसी यंत्रातल्या प्रोटॉनच्या टकरींवर काम करायचा.

कोथरूडचा_कोडर

सापडलं!! टाऊ-झिरो-मॅक्स १०. ती ओळ म्हणजे ज्या कणाचा आयुष्यकाळ गुणिले प्रकाशाचा वेग १० मिलिमीटरपेक्षा जास्त आहे त्याचा क्षय करू नकोस, त्याला तसाच शेवटचा कण म्हणून ठेव. एलएचसीवर कणांची व्याख्या अशीच करतात त्यामुळे तुझ्या सिनियरचं काहीच चुकलेलं नाही. पण लेपवर व्याख्या वेगळी होती, तिथे ०.३ नॅनोसेकंदापेक्षा कमी जगणारे सगळे कण फुटलेले धरायचे आणि त्यांची पिल्लं मोजायची. प्रकाश ०.३ नॅनोसेकंदात ९ सेंटिमीटर जातो. आता स्ट्रेंज क्वार्क असलेले दोन हॅड्रॉन बघ. के-शॉर्ट, २.७ सेंटिमीटर. लॅम्डा, ७.९ सेंटिमीटर. दोन्ही १० मिलिमीटरच्या पुढे आणि ९ सेंटिमीटरच्या आत. दोन्ही न्यूट्रल. म्हणजे तुझ्या मोजणीत ते शून्य आहेत आणि लेपच्या मोजणीत बहुतेक वेळा दोन-दोन चार्ज्ड कण.

हिशोब कर. झेडच्या एका इव्हेंटमध्ये के-शॉर्ट साधारण १ असतो, तो ६९ टक्के वेळा दोन चार्ज्ड पायॉनमध्ये फुटतो, झाले १.४. लॅम्डा आणि अँटीलॅम्डा मिळून ०.४ च्या आसपास, ६४ टक्के वेळा प्रोटॉन आणि पायॉन, झाले ०.५. बेरीज १.९. तुझे हरवलेले दोन कण.

ती लिमिटची ओळ काढून टाक, डिफॉल्टला हे सगळे फुटतातच. ए, बी परत जागेवर ठेव.

माझा पण हाच घोळ झाला होता पीएचडीच्या पहिल्या वर्षी, तीन आठवडे गेले होते, म्हणून ती ओळ बघितल्याबरोबर डोळ्यात भरली.

नाशिकचा_एमएस्सी

२०.८!!!

ए, बी डिफॉल्ट, फक्त ती ओळ काढली. हात थरथरतायत खरं सांगतो. म्हणजे मॉडेल पहिल्यापासून बरोबर होतं आणि मी त्याच्याकडून चुकीचा प्रश्न विचारून चुकीचं उत्तर बळजबरीने काढत होतो. खूप खूप धन्यवाद दादा, ताई.

पण मग एक शंका. हे सगळं लेपवर बसवलंय आणि लेपवरच तपासलंय. संवेगाचा आलेख पण ट्यूनिंगला वापरलेलाच असणार. दोरीने असं काही सांगितलं का जे आधी माहीत नव्हतं?

सातारा_ते_स्वीडन

सांगितलं. हँबुर्गला डेझीमध्ये पेट्रा नावाचं यंत्र होतं, १९७९ मध्ये तिथे तीन जेटचे इव्हेंट दिसले आणि ग्लुऑन सापडला. तेव्हा जेट बनवायची चालू पद्धत होती फाइनमन आणि फील्ड यांची, त्यात प्रत्येक क्वार्क, ग्लुऑन आपापला वेगळा हॅड्रॉनमध्ये बदलायचा, बाजूला कोण आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लुंडवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं. दोरी क्वार्कापासून निघते, ग्लुऑनपर्यंत जाते, तिथे वळते आणि अँटीक्वार्कापर्यंत जाते. ग्लुऑन म्हणजे दोरीतली नुसती एक कोपऱ्यासारखी वळण घेतलेली जागा. मग क्वार्क आणि अँटीक्वार्कच्या सरळ मधल्या भागात दोरीच नाही! तिथे हॅड्रॉन कमी मिळायला हवेत आणि ग्लुऑनच्या दोन्ही बाजूंना जास्त. पेट्रावरच्या जेड प्रयोगाने मोजलं आणि तसंच निघालं. पुढे ग्लुऑनच्या जागी फोटॉन असलेले इव्हेंट घेतले, फोटॉनला रंग नाही म्हणून दोरी सरळ क्वार्क ते अँटीक्वार्क, आणि मग तो मधला भाग परत भरलेला दिसला.

आता प्रामाणिकपणे पुढचं पण सांगायला हवं. काही वर्षांनी लेनिनग्राडच्या लोकांनी दाखवलं की दोरी न घेता, नुसत्या हलक्या ग्लुऑनांच्या लाटा एकमेकीत मिसळतात हे क्यूसीडीने मोजलं तरी मधला भाग रिकामाच येतो. म्हणून एवढ्यावरून दोरी सिद्ध झाली असं मी म्हणणार नाही. पण प्रत्येक क्वार्क एकटा एकटा हॅड्रॉन बनतो ही कल्पना मात्र त्या दिवशी संपली. रंग कोणाचा कोणाशी जोडलाय हे बघावंच लागतं.

ॲलिसवाला_पवई

उशिरा आलो, पण मला दुसरी बाजू मांडायची आहे. मी एलएचसीच्या ॲलिस प्रयोगावर पीएचडी करतोय आणि माझा सगळा दिवस दोरी जिथे चुकते तिथेच जातो.

लेपवर एका टकरीत एकच दोरी असते, आजूबाजूला रिकामं. एलएचसीवर प्रोटॉन प्रोटॉनवर आपटतो तेव्हा एकाच टकरीत क्वार्क-ग्लुऑनच्या अनेक जोड्या एकमेकांवर आपटतात, आणि फेम्टोमीटरभर जागेत दहा-दहा दोऱ्या एकमेकांवर पडलेल्या असतात. साधं पायथिया असं मानतं की प्रत्येक दोरी आपली आपण तुटते, शेजारणीची तिला खबर नाही. तसं असेल तर टक्कर लहान असो की मोठी, पायॉनमागे किती स्ट्रेंज कण हे प्रमाण बदलायला नको. ॲलिसने २०१७ मध्ये ७ टीईव्हीच्या प्रोटॉन टकरींवरचा पेपर काढला, त्यात हे प्रमाण कणांच्या संख्येबरोबर सरळ चढत जातं, आणि ज्यात जास्त स्ट्रेंज क्वार्क त्याचा चढ जास्त, तीन स्ट्रेंजवाला ओमेगा सगळ्यात जोरात. मोनॅश ट्यूनची रेष त्या आलेखावर आडवी पडलेली आहे. ए, बी कितीही फिरवा, ती चढत नाही.

दुसरं, चार्म. लॅम्डा-सी (चार्म असलेला बॅरिऑन, म्हणजे तीन क्वार्कांचा कण) भागिले डी-झिरो (चार्म असलेला मेसॉन) हे गुणोत्तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत ०.१ च्या आसपास यायचं. सगळ्यांनी धरलं होतं की क्वार्काचा हॅड्रॉन कसा होतो हे टक्कर कशाची आहे यावर अवलंबून नाही, लेपचा आकडा उचलायचा आणि एलएचसीला लावायचा. आम्ही मोजलं तर कमी संवेगाला ०.५ च्या आसपास! पाचपट! हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं पार्श्वभूमी वजा करताना काहीतरी राहिलं असेल, पण परत परत तेच येतं.

तर तुझ्या सरांना उत्तर द्यायचं असेल तर मी हे देईन. नुसतं कर्व्ह फिटिंग असतं तर ते चुकलंच नसतं, एक आकडा वाढवून मोकळे झालो असतो. इथे चुकलं आणि कुठे चुकलं ते बोट ठेवून सांगता आलं, की दोऱ्या एकट्या नाहीत. मग लोकांनी त्यावर काम केलं, जवळच्या दोऱ्या एकत्र येऊन जाड दोरखंड बनतो, त्याची ओढ जास्त, मग जड स्ट्रेंज जोडी बनणं सोपं होतं, त्याने ओमेगाचा चढ येतो. आणि वेगवेगळ्या दोऱ्यांचे रंग परत जुळून तीन दोऱ्या एका गाठीत येऊ शकतात, अशी गाठ म्हणजे बॅरिऑन, त्याने लॅम्डा-सी वाढतो. पायथियात हे दोन्ही पर्याय आहेत, डिफॉल्टला बंद असतात. दोन्ही एकत्र चालू करून सगळंच बसतं असं अजून झालेलं नाही, प्रोटॉनच्या संख्येत कुरकुर राहते. माझा थीसिस तिथेच अडकलाय सध्या.

नाशिकचा_एमएस्सी

हे सगळं आमच्या सरांना वाचून दाखवणार आहे, त्यांनाही आवडेल, ते वाईट अर्थाने नव्हते म्हणाले. एक शेवटचा प्रश्न, प्रोजेक्टला अजून दीड महिना आहे. प्रोटॉनकडे जाऊ का? लॅपटॉप साधा आहे, ८ जीबी.

सातारा_ते_स्वीडन

दीड महिन्यात प्रोटॉन नको, लेपवरच थांब आणि दुसरं मॉडेल लाव. हर्विग घे, ते पण पायथियासारखंच सॉफ्टवेअर आहे. त्यात दोरी नाही. शॉवर संपला की उरलेला प्रत्येक ग्लुऑन जबरदस्तीने क्वार्क-अँटीक्वार्कमध्ये फोडतात, मग रंगाने शेजारी असलेले दोन-दोन पकडून गोळे बनवतात, त्यांना क्लस्टर म्हणतात, आणि तो गोळा साधारण दोन हॅड्रॉनमध्ये फुटतो. याच्यामागची गोष्ट पण सुंदर आहे, १९७९ मध्ये अमाती आणि व्हेनेत्सियानो यांनी दाखवलं की शॉवरच्या शेवटी या गोळ्यांची वस्तुमानं लहानच असतात, आणि सुरुवातीची ऊर्जा १० पट वाढवली तरी ती वाटणी बदलत नाही. कुठला हॅड्रॉन किती बनेल हे मग मुख्यतः त्याच्या वस्तुमानाने आणि स्पिनने ठरतं, वेगळे आकडे कमी लागतात. जड गोळे मात्र आधी दोरीसारखेच लांबट फोडावे लागतात, तिथे दोन्ही मॉडेलं एकमेकांच्या जवळ येतात असं मला नेहमी वाटतं.

तू असं कर. दोन्हीकडे क्षयाची तीच लेपवाली व्याख्या लाव, हे आता तुला सांगायला नको. मग चार्ज्ड कणांची संख्या, संवेगाचा आलेख, आणि के-शॉर्ट, लॅम्डा, प्रोटॉन प्रत्येक इव्हेंटमध्ये किती. पहिल्या दोनात दोघं जवळजवळ सारखे येतील. बॅरिऑनमध्ये फरक दिसला तर तिथे थांब आणि कारण शोध, प्रोजेक्टचं सगळ्यात चांगलं पान तेच असेल. रिव्हेट (सिम्युलेशनची डेटाशी तुलना करणारं सॉफ्टवेअर) टाकून घेतलंस तर लेपचे मोजलेले बिंदू त्यातच मिळतात, आलेखावरून हाताने वाचत बसायला नको.

कोथरूडचा_कोडर

८ जीबी पुरतात लेपला, पायथियाचे १ लाख इव्हेंट काही मिनिटांत होतात, हर्विगला थोडा जास्त वेळ लागेल. हर्विग बसवताना मात्र दिवस जातो, त्याच्या सोबत बाकीच्या लायब्ररी आपोआप आणणारी स्क्रिप्ट त्यांच्याच साईटवर आहे, ती वापर, एकेक करून बसवू नकोस. रात्री लावून झोप.

आणि रँडम नंबरचं बीज (सीड) बदलत राहा प्रत्येक रनला, नाहीतर तेच १ लाख इव्हेंट परत परत येतात आणि दोन रन एकत्र केल्यावर चूक कमी झाल्यासारखी वाटते.

ॲलिसवाला_पवई

पुढे पीएचडीचा विचार असेल तर मेसेज कर. सीएमएसचं काम कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आणि पुण्यात आयसरला चालतं, ॲलिसचं आमच्याकडे आयआयटीत. आणि लॅम्डाचे आकडे आले की इथेच टाक, आमच्या प्रोटॉनवाल्या कुरकुरीशी ताडून बघायचेत.

नाशिकचा_एमएस्सी

हर्विगची स्क्रिप्ट चालू आहे, ३८ टक्के. लाईट गेली नाही तर सकाळी लॅम्डा टाकतो.